मी मजेत आहे असं सांग

गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला मी 'हजर' म्हणायचे ते माझ्याच बाकापर्यंत पोचायचं आणि बाई मला गैरहजर लावून मोकळ्या व्हायच्या. मग शाळेच्या नाटकात न्यायाधीश झालेल्या मुलीला ऐनवेळी कांजिण्या आल्या, तिचा काळा झगा मला बरोबर बसला, आणि निव्वळ मापाच्या जोरावर मी रंगमंचावर गेले. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ म्हणजे काय ते ज्यांना मिळालंय त्यांना ठाऊक असतं. देणाऱ्याच्या मनात फारसं काही नसतं, घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र बरंच काही जातं. माझ्या डोक्यात गेलं. त्यानंतर मी दूधवाल्याशीसुद्धा पल्लेदार वाक्यांत बोलायला लागले. घरात सगळे मला 'न्यायमूर्ती' म्हणायला लागले, आणि त्यात थट्टा आहे हे कळायला मला चांगला एक हंगाम लागला.

हे आधी सांगायचं कारण असं, की हा आत्मविश्वास नसता तर पुढचा घोळ झालाच नसता. मी आपली 'मला नाही जमायचं' म्हणून कोपऱ्यात बसले असते आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं.

माझ्या ताईला दिवस गेले होते. भावजी मालवाहू जहाजावर इंजिनं सांभाळतात, ते बाळाच्या तारखेच्या सुमारास उतरणार होते. म्हणून ताई आमच्याकडे राहायला आली. सहावा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की पिशवीचं तोंड आत्ताच उघडायला बघतंय. त्यांनी टाका घातला आणि ताईला सक्तीने आडवं केलं. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. बाबांनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या, त्यामुळे ताईचे पाय वर आणि डोकं खाली. तिच्याशी बोलताना आपण एखाद्या उतारावर उभं राहून बोलतोय असं वाटायचं.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. अंधाऱ्या खोलीत माणसाच्या नाकावर ती जड, गोल चौकट ठेवायची, काचा बदलत राहायचं आणि विचारत राहायचं, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" लोक भिडेखातर काहीही सांगतात म्हणून तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून पुन्हा विचारायचा. ही सवय तिने घरी आणली. आईने चहा दिला तरी, "कालचा बरा होता की आजचा?" आणि कप रिकामा झाला की, "आजचा बरा होता की कालचा?" आपणच आपल्याला विचारायचं. तिच्यापुढे थाप मारणं अवघड.

दुसरं माणूस म्हणजे शिट्टीमावशी. आईची धाकटी बहीण. दुसऱ्या गावात मोठ्या तलावावर पोहायला शिकवते, गळ्यात कायम शिट्टी. ताई लहान असताना आई-बाबा दोघांची नोकरी, आणि मावशी आमच्याकडे राहून कॉलेज करायची. त्यामुळे ताई वाढली ती मावशीच्याच कडेवर. माझ्या वेळेपर्यंत मावशी नोकरीला लागून निघून गेली होती, म्हणून मी कुणाच्याच कडेवर नीटशी वाढले नाही, असं माझं मत आहे. ते कुणी विचारलेलं नाही.

बाळंतपणाच्या वेळी खोलीत ताईजवळ मावशीने राहायचं, हे बाळाची चाहूल लागली त्याच दिवशी ठरलं होतं. आईचा विचारच नव्हता. आईला रक्त बघवत नाही. बाबांनी दाढी करताना कापून घेतलं तरी आधी आईला खुर्ची द्यावी लागते. ताई सारखी म्हणायची, "मावशी असली की मला काही वाटणार नाही. ती नसली तर मी आत जाणारच नाही, बाळाला म्हणावं तू तुझं बघ."

ताई आडवी झाली त्याच आठवड्यात मावशी पडली. तलावाच्या काठावर एक मुलगी धावत होती, तिला 'काठावर धावायचं नाही' असं सांगायला मावशी धावली. मुलीला काही झालं नाही. मावशीचं खुब्याजवळचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि तीही आडवी.

ही बातमी मावशीनेच फोनवर दिली, तेव्हा मी जिन्यात बसले होते. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकू येत होता.

"ताईला कळता कामा नये," ती म्हणाली. "पोटुशी बाई आहे, जिवाला घोर लावून घेईल. मी मजेत आहे असं सांग."

"तूच सांग ना फोन करून."

"मी? मला खोटं बोलता येतं का? ती एकच प्रश्न उलटसुलट विचारेल आणि मी तिसऱ्या वाक्याला हाड दाखवेन. तू सांग. नटी ना तू."

फोन ठेवून मी आत गेले, तर ताईने हाक मारली. "ए न्यायमूर्ती, इकडे ये. दार लाव. मावशीला माझ्या टाक्याचं सांगायचं नाही. ती सगळं टाकून धावत येईल, तिच्या उन्हाळी शिबिराचं वाटोळं होईल. तिला सांग, मी मजेत आहे."

"तूच बोल की."

"मी आडवी आहे हे तिला माझ्या श्वासावरून कळेल. ती बाई माणसाचा श्वास ऐकून सांगते की हा आज जेवून पोहायला आलाय. तू सांग."

मी बाहेर येऊन आईला दोन्ही निरोप सांगितले. आई म्हणाली, "मला यात ओढू नका. मी खोटं बोलले की मला ढेकर येतात." हे खरं आहे, आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. बाबांचा तर प्रश्नच नव्हता. ते फोनवर हवापाण्यापलीकडे जात नाहीत.

तर अशी ही भूमिका माझ्याकडे चालून आली. आणि इथे एखाद्या शहाण्या मुलीने काय केलं असतं? 'ती मजेत आहे' एवढं तीन शब्दांचं काम दोन्हीकडे केलं असतं आणि अभ्यासाला बसली असती.

"मावशी मजेत आहे," मी ताईला सांगितलं.

"मजेत म्हणजे काय करतेय?"

बस, एवढं पुरे होतं. माझ्यातली नटी जागी झाली. नाटकाच्या सरांनी आम्हाला शिकवलं होतं, की पात्राला फक्त संवाद नसतात, पात्राला आयुष्य असतं. मी मावशीला आयुष्य दिलं. आधी शिबिरात खूप मुलं आलीत म्हणाले. मग शिबिर संपलं आणि मावशी टेकड्या चढणाऱ्या एका गटात जायला लागली. टेकड्यांवर तिला दम लागत नाही म्हणून सगळे थक्क झाले. गटात एक निवृत्त पोस्टमास्तर होते, पांढऱ्या मिशांचे, ते तिच्यासाठी थर्मासमधून कॉफी आणायचे.

"पोस्टमास्तर?" ताई कोपरावर उठायला गेली, मी तिला पुन्हा उतारावर झोपवलं. "मावशीला काही आवडबिवडतंय की काय? टेकडी शनिवारी चढले की रविवारी?"

"शनिवारी."

"कॉफी खाली उतरल्यावर की वर?"

"वर."

जेवण झाल्यावर तिने डोळे मिटूनच विचारलं, "वर कॉफी प्यायले ते रविवारी की शनिवारी?"

"शनिवारी," मी म्हणाले, आणि अंगावर मूठभर मांस चढलं. ताईच्या परीक्षेत मी उतरले होते. उत्तेजनार्थ देणाऱ्या परीक्षकांना तेव्हा खोलीत बोलवावंसं वाटलं.

मावशीकडे दुसरा प्रयोग. तिथे ताई रोज संध्याकाळी फिरायला जात होती, दुकानाने तिला शाखेची मुख्य केलं होतं, आणि बाळाच्या कानावर चांगलं काही पडावं म्हणून ती गाण्याच्या क्लासला जायला लागली होती.

"ताई? गाणं?" मावशीला हसू आलं आणि सळईपाशी कळ आली. "तिला सूर कधी सापडला?"

"अजून शोधतेय," मी म्हणाले. हे वाक्य माझं मलाच फार आवडलं.

सुरुवातीला दोघी खूश होत्या. मी शाळेतून आले की ताई दप्तर उतरवायच्या आत म्हणायची, "बोला न्यायमूर्ती, आज कोणती टेकडी?" आणि मावशी दुपारच्या औषधानंतर माझ्या फोनची वाट बघायची. शाळेत मैत्रिणींना मी सांगितलं की मी घरी दोन मालिका चालवते. त्यांनी विचारलं, शेवट काय आहे? मी म्हणाले, शेवट आपोआप सुचतो. हल्ली रात्री उशीत तोंड खुपसताना हे वाक्य मला आठवतं.

बदल ताईच्या बाजूने आधी झाला. मी पोस्टमास्तरांनी मावशीला काठी भेट दिली असं सांगत होते, आणि ताई छताकडे बघत होती.

"टेकड्यांना वेळ आहे तिला," ती म्हणाली.

"व्यायाम होतो ना तिचा."

"हो ना. मला बघायला यायला मात्र एक दिवस मिळत नाही. मी तिला कळवलं नाही मी झोपून आहे ते, मान्य. पण पोट किती वाढलंय ते तरी बघावंसं वाटू नये?"

"तिला तुझी खूप आठवण येते," मी घाईने म्हणाले. मावशीने असं काही त्या दिवशी म्हटलं नव्हतं, ती ड्रेसिंगच्या कटकटीबद्दल बोलत होती.

"टेकडीवर येत असेल. वर वारा असतो." ताईने कूस बदलली. तेवढीही तिला सावकाश बदलावी लागायची.

मी त्याच दुपारी मावशीला ताईचं फार कौतुक सांगितलं, म्हणजे तिकडे तरी गोड राहील. ताईच्या गाण्याच्या बाईंनी तिला छोट्या मैफलीत बसवलंय, असं मी म्हणाले.

मग मावशी म्हणाली, "बरं आहे. फिरते, गाते, दुकान चालवते. मला मात्र एक फोन नाही तिचा."

"तूच म्हणालीस ना, फोन नको."

"मी करणार नाही म्हणाले. तिने करू नये असं कुठे म्हटलं? मी खोटं बोलतेय ते तिच्यापायी, इथे छताच्या भेगा मोजत. ती धडधाकट आहे, तिला काय झालं?"

आता हे दोन्हीकडून सारखंच येत होतं. ताई म्हणायची, मी लपवतेय ते तिच्यासाठी, ती तर हिंडतेय. मावशी म्हणायची, मी लपवतेय ते तिच्यासाठी, ती तर गातेय. मी जितकी गोड बातमी न्यावी तितकं ऐकणारीचं तोंड कडू व्हावं. एखाद्या समंजस माणसाने इथे थांबायचं असतं. मी पोस्टमास्तरांना आजारी पाडलं, म्हणजे टेकड्या कमी होतील. त्यावर ताई म्हणाली, "म्हणजे आता ती त्यांची शुश्रूषा करणार. वा."

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या त्या दिवशी सगळं उतू गेलं. टाका कधी काढायचा ते त्यांनी सांगितलं आणि सहज विचारलं, "आत तुमच्याजवळ कोण असेल?"

ताई म्हणाली, "कोणी नाही."

आई दाराशी उभी होती. तिने चौकट धरली. "मी येईन," ती म्हणाली. चौकट तिने सोडली नाही.

डॉक्टरीणबाई गेल्यावर ताईने मला जवळ बोलावलं. "मावशीला सांग, यायची तसदी घेऊ नको. मी बघेन माझं. नीट सांग, शब्द बदलू नकोस."

मी जिन्यात जाऊन फोन लावला, पण मावशीनेच आधी तोंड उघडलं. "बरं झालं तू केलास. ताईला सांग, त्या दिवशी मला काही जमणार नाही. तिला आता मावशीची गरजही दिसत नाही. तिची माणसं आहेत, मैफली आहेत." तिचा आवाज फुटला आणि तिने तो खोकून झाकला. मावशी खोकली की फार वाईट खोकते, कधी सराव नाही.

एवढ्या दिवसांनी दोन्हीकडचे निरोप पुन्हा जुळले होते. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आतून ताईच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. पालथी होऊन रडायचीही तिला सोय नव्हती, त्यामुळे अश्रू कानांत जात असणार आणि ती ते पुसत असणार. एक बाई एकटीने आत जाणार होती, कारण मला पांढऱ्या मिशा छान सुचल्या होत्या.

मी आत गेले आणि सरळ सांगून टाकलं. "ताई, मावशी टेकडीबिकडीवर नाहीये. ती पडली. मांडीचं हाड मोडलंय, सळई घातलीय, अंथरुणावर आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "कुठे पडली?"

"तलावाच्या काठावर. धावताना."

"मावशी. काठावर. धावताना." तिने एकेक शब्द असा उच्चारला, जणू समोरच्या पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचतेय. "हे तिने तुला सांगायला लावलं? यायचं नाही म्हणून?"

"नाही गं, खरंच. एक मुलगी धावत होती, तिला धावू नको सांगायला मावशी धावली."

"यापेक्षा पोस्टमास्तर बरा होता," ताई म्हणाली.

तिचं बरोबर होतं. खरी गोष्ट कथा म्हणून फारच कच्ची होती. तिला ना आरंभ, ना पटण्यासारखं कारण. थापांवर मी इतकी मेहनत घेतली होती आणि सत्याची तालीम एकदाही केली नव्हती. मी मावशीला फोन लावून तिकडचंही सांगितलं, की ताईला टाका आहे, ती महिनोन्‌महिने आडवी आहे, पायाखाली विटा आहेत.

"विटा," मावशी म्हणाली. "मैफल झाली, आता विटा. न्यायमूर्ती, मला औषधाची गुंगी आहे, पण इतकी नाही."

"देवाशप्पथ, मावशी."

"शपथा नको घेऊस, तू शपथ घेताना फार छान बोलतेस."

तेव्हा मी ठरवलं, आता बोलायचंच नाही. मी व्हिडिओ कॉल लावला. मावशीने चिडून उचलला आणि 'काय आता' म्हणेपर्यंत मी फोन ताईच्या तोंडासमोर धरला. ताईचं 'यापेक्षा पोस्टमास्तर बरा होता' अजून चालूच होतं. आधी तिच्या चेहऱ्यावर, मग पोटावरून, मग हळूहळू पाय, पलंगाचा पायथा, विटा. मग फोन उलटा करून ताईकडे केला. पलीकडे मावशी फोन समोर कुठेतरी टेकवून, चार पायांचा वॉकर धरून खोलीच्या मध्यात उभी होती, केस विस्कटलेले, घरातला सैल गाऊन. मागे फिजिओथेरपीवाली बाई हात पसरून उभी होती, मूल पहिलं पाऊल टाकताना आई उभी राहते तशी.

मावशी वॉकरवरून पुढे वाकली.

"विटा सरळ लागल्यात का?" तिने विचारलं.

"बाबांनी लावल्यात," ताई म्हणाली. "तू काठावर धावलीस?"

"धावले."

"लाज नाही वाटली? आम्हाला त्यापायी तलावाबाहेर उन्हात उभं करायचीस."

"मग आता मीच उभी आहे की. आणि तू कधीपासून झोपून आहेस? मला कळवायची पद्धत नाही?"

"तू कळवलंस?"

"तुझी गोष्ट वेगळी, तू पोटुशी."

"तुझी गोष्ट वेगळी, तू सळई."

मग दोघी एकदम हसल्या आणि एकदम रडल्या, आणि मला वाटलं, चला, सुटले. मी फोन धरलेला हात बदलत होते तेवढ्यात मावशी म्हणाली, "ते पोस्टमास्तर कोण गं?"

"कोणते पोस्टमास्तर?" मी म्हणाले.

"आत्ता ती म्हणाली ना, तू फोन तिच्या तोंडासमोर धरलास तेव्हा. यापेक्षा पोस्टमास्तर बरा होता. मला स्पष्ट ऐकू आलं."

पुढचं सगळं मी गाळते. ताईने मिशांपासून थर्मासपर्यंत सगळं सांगितलं, मावशीने मैफल सांगितली, आणि ज्या दोघी सकाळी एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या त्यांची माझ्याविरुद्ध घट्ट युती झाली. फिजिओथेरपीवाली बाईसुद्धा त्यात सामील झाली. ती म्हणाली, "मुलगी हुशार आहे हो, फक्त सांभाळा."

हसून झाल्यावर ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे तू येणार नाहीस," ती म्हणाली. "खरंच नाही येऊ शकणार."

"नाही येऊ शकत, बाळा."

"मग आत कोण?"

मावशीने वॉकर पुढे सरकवला. "आवाज येईल माझा. आवाज मोडलेला नाही."

त्या दिवसापासून माझी मालिका बंद. दोघी रोज थेट बोलायच्या आणि मी फोन चार्जिंगला लावायचे, एवढीच माझी कला उरली. मावशी ताईला श्वास शिकवायची. नाकाने भरायचा, तोंडाने सोडायचा, घाई नाही, पाण्याखाली फुगे सोडतो तसा. ताई फुगे सोडायची. मीही जिन्यात बसून सोडून बघायचे, उगाच.

टाका काढला, आणि बाळाने भावजींच्या जहाजाची वाट बघितली नाही. दुपारच्या जेवणाची भांडी घासायची होती तेव्हा ताईला कळा सुरू झाल्या. दवाखाना लहानसा, एका मजल्याचा. बाबा बाहेर औषधांच्या रांगेत उभे राहिले. आई खरोखरच आत गेली. जाताना ती इतकी ताठ होती की मला तिचा अभिमान वाटला. जरा वेळाने दार उघडलं आणि सिस्टरनी आईला चाकांच्या खुर्चीत बाहेर आणलं.

"काही नाही, सलाइनची सुई टोचताना थेंबभर आलं," सिस्टर म्हणाल्या. "यांना लिंबूपाणी द्या. आत पेशंट मावशी मावशी करतेय. मावशी कोण?"

मी फोन वर केला. "ही."

सिस्टरनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वय काय तुझं?"

एकोणीस म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एकोणिसाची चाल कशी असते, खांदे कसे असतात, सगळं तयार होतं. "सोळा," मी म्हणाले.

त्यांनी व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. डोकं गुडघ्यांत घालून बसलेली माझी आई सोडली तर तिथे कोणी नव्हतं. "डोक्याशी उभं राहायचं. पायांकडे बघायचं नाही. फोनवर चित्र नको, आवाज चालेल. चक्कर आली तर आधी सांगायचं, मग पडायचं."

आत गेले तर ताई ओळखू येत नव्हती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. मी फोन तिच्या उशीवर ठेवला.

"काय चाललंय?" मावशीने विचारलं.

"छान चाललंय," मी म्हणाले.

ताईने माझं मनगट धरलं. ते अजून दुखतं. "मावशी, ही थापा मारतेय. काही छान नाही. मला जमत नाहीये."

"न्यायमूर्ती," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी शांत होता, तलावावरचा, शिट्टीच्या आधीचा. "मला दिसत नाहीये. तू चुकीचं सांगितलंस तर मी तिला चुकीचा श्वास सांगेन. बघ आणि जे आहे ते सांग."

मी बघितलं. आजवर मी ताईकडे बघून काय सांगायचं याचा विचार केला होता. नुसतं बघितलं नव्हतं.

"तिने दात आवळलेत," मी म्हणाले. "खांदे पार कानांपर्यंत आलेत. ती श्वास धरून ठेवतेय. घाबरलीय."

"खांदे खाली घ्यायला लाव. हात ठेव खांद्यांवर. ताई, सोड तो श्वास. सगळा. फुगे."

ताईने सोडला.

"आता?"

"खांदे उतरले. ती रडतेय. मला शिव्या देतेय."

"देऊ दे. शिव्या देताना श्वास आपोआप सुटतो. पुढची कळ आली की सांग."

मी सांगत राहिले. कळ येतेय, आली, हनुवटी वर गेली, खाली घेतली, आता जोर लावतेय, चेहरा जांभळा झालाय, डॉक्टरीणबाई अजून एकदा म्हणतायत. एकही वाक्य पल्लेदार नव्हतं. एकदा मी म्हणाले, "मला भीती वाटतेय," आणि मावशी म्हणाली, "बरं. ते मला ठेवून दे, तू पुढचं सांग."

मग डॉक्टरीणबाईंनी काहीतरी उचललं आणि खोलीत अगदी शांत झालं.

"काय झालं?" मावशी म्हणाली.

"बाळ आलं. अजून रडलं नाही."

फोनमधून मावशीचा श्वाससुद्धा येईनासा झाला. ताई माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे तिला द्यायला एकही वाक्य नव्हतं. सिस्टर बाळाची पाठ चोळत होत्या. एकदा, दोनदा. मग एक चिरका, रागावलेला आवाज आला, दार करकरावं तसा.

"रडलं," मी म्हणाले, पण ते मावशीला ऐकू आलंच होतं.

"मुलगी," सिस्टर म्हणाल्या आणि ती ताईच्या छातीवर ठेवली.

"कशी आहे?" मावशीने विचारलं. "खरं सांग."

मी नीट वाकून बघितलं. "निळसर आहे. डोकं वर निमुळतं झालंय. सगळ्या अंगाला साबणासारखं पांढरं काहीतरी लागलंय. नाक चपटं. कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या. हातापायांना सगळी बोटं दिसतायत. आणि ती फार चिडलीय."

मावशीने इतका मोठा श्वास सोडला की फोन उशीवर थरथरला. "मग चांगली आहे," ती म्हणाली.

"काय म्हणतेय ती?" ताईने विचारलं. तिच्या छातीवर इतका आरडाओरडा चालला होता की तिला पलीकडचं ऐकूच येत नव्हतं.

"चांगली आहे म्हणतेय. आणि आता रडतेय."

ताईने मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्यांदा काही विचारलं नाही.

"तू कशी आहेस गं?" मावशीने मला विचारलं.

"मी म..." मी म्हणाले, आणि मग म्हणाले, "मावशी, मला चक्कर येतेय."

सिस्टरनी पायानेच स्टूल माझ्या मागे सरकवलं.